प्रल्हादकाकाच्या जंतूंची आंघोळ

आमचा प्रल्हादकाका खाकरल्याशिवाय वाक्य सुरू करत नाही. "अहं… बघा, म्हणजे असं आहे." गंगेकाठी ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घरात मी त्याचा हा आवाज हुबेहूब काढला की त्याची थोरली बहीण, आमची इंदूआत्या, स्वयंपाकघरातून ओरडते, "पल्ह्या, आलास होय? आधी आंघोळ!"

लॅबमधून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय काकाला पाटावर जागा नाही.

काका युनिव्हर्सिटीत जंतू पाळतो. काही जीन उडते असतात, एका जंतूतून उठून दुसऱ्यात जाऊन बसतात. असा एक जीन दह्याच्या जंतूत पोचवायचा, मग दह्याचं काय बिघडतं ते बघायचं, म्हणजे दही चालतं कसं ते कळतं. दह्याचा जंतू आत्याच्याच विरजणातला. जीन देणारा मात्र माणसाच्या आतड्यातला. आणि हे काकाने सांगितलं कधी? जेवताना.

"माझ्या दह्याचं कुणाच्या संडासाशी लगीन लावतोयस रे?" आत्याने वाडगाच ओढून घेतला.

"अहं… अगं, रात्रभर नुसते चिकटून राहतात दोघं."

"शी!"

मार्चअखेर जीन पोचला नाही तर काकाची नोकरी जाणार होती. जंतू वाढवायच्या काचेच्या प्लेटवर दोन औषधं असायची. एकाने आतड्यातला मरणार, दुसऱ्याने दह्याचा. ज्या दह्याच्या जंतूला जीन मिळाला, तोच जगणार. काकाच्या प्लेटा दर वेळी कोऱ्या. घरी तो भात चिवडत बसायचा आणि नुसताच खाकरायचा, पुढे वाक्यच नाही.

शेवटी त्याच्या लॅबच्या प्रमुख मिश्रा मॅडम म्हणाल्या, "प्रल्हाद जी, मेरे सामने करिए. शुरू से." (पुढचं सगळं काकानेच सांगितलेलं. आवाज माझे.)

काकाने आतड्यातले जंतू मोजले. भरपूर होते. मग खिशातून इवलीशी बाटली काढली आणि त्यांच्यावर दोन थेंब सोडले.

"ये क्या है?"

"अहं… गंगाजल, मॅडम."

"गंगाजल!"

"फिल्टर किया है! एक भी बैक्टीरिया नहीं इसमें. दही से मिलाने के पहले ज़रा… नहला देता हूँ."

"और जो फिल्टर से भी निकल जाए, वो?"

काकाने घाईघाईने बाटलीचं बूच लावलं. गंगेच्या पाण्यात जंतूंना खाणारे विषाणू असतात, इतके बारीक की गाळणीतून सुटतात, यावर आमच्या शाळेत येऊन तासभर भाषण ठोकलं होतं ते याच महापुरुषाने!

मॅडमनी आतड्यातल्या जंतूंच्या प्लेटवर बाटलीतला एक थेंब टाकला. दुसऱ्या दिवशी थेंबाच्या जागी काकाच्या डोक्यासारखं गुळगुळीत टक्कल.

मग दोघा जंतूंना तसंच, पारोसंच, एकत्र ठेवलं. या वेळी प्लेटवर पांढरे ठिपके उगवले. नोकरी वाचली.

त्या दिवशी काका लॅबमधून आला तो थेट पाटावर.

"आंघोळ?" आत्या.

"आज पारोसाच. दही वाढ."

"आणि त्या संडासातल्या मेल्याला तरी घातलीस ना?"

"घालत होतो म्हणूनच मरत होता गं बिचारा," काका म्हणाला. न खाकरता! माझी पंचाईत, आता नक्कल करायची कशाची?

आत्याने दही वाढलं. पण पळी हातभर वर धरून.