चार बोटं

मलकापूरच्या तेलगिरणीतल्या टाकीची नळी चुकीच्या जागी बसली, ती माझ्यामुळे. हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. दोष दामोदर मिस्त्रींवर गेला.

मिस्त्री लोखंडी टाक्या वेल्डिंगनं जोडायचे. कुणाच्याही घरी गेले की तांब्यातलं घोटभर प्यायचे, उरलेलं फरशीवर ओतायचे आणि उकिडवे बसून बघत राहायचे. "पाणी कुठं जाते ते पाह्यल्याबिगर मी टेकत नाई." मुलीसाठी स्थळ पाहायला गेले तिथंही ओतलं. पाणी देवघरात शिरलं. स्थळ मिस्त्रींनीच नाकारलं.

सरकीच्या तेलाची टाकी ठरली तेव्हा मी नवा ओव्हरसियर होतो. मिस्त्री म्हणाले, "साहेब, तळाले वाटीसारखा खळगा करू, त्याच्या बुडातून नळी काढू. गाळ आपसूक जाते. बाजूनं लावली तं तळाचा सांधा सोडून वर घ्या लागते, चार बोटं गाळ आतच राह्यते." नकाशात मी खळगाच काढला. पण टाकीखालच्या सिमेंटच्या ओट्यात त्याला जागा सोडायला विसरलो. ओटा पक्का झाल्यावर तोंडीच सांगितलं, बाजूनं लावा.

"काऊन हो, जागा सोडाची राह्यली का?"

मी नकाशा गुंडाळून काखेत मारला. मिस्त्रींनी नळी बाजूनं लावली.

पहिल्या सफाईला चार बोटं गाळ आत राहिला. मालकांनी विचारलं, ही कुणाची अक्कल? मी नकाशा उलगडून दाखवला. शेजारी उभ्या मिस्त्रींनी तो नीट पाहिला आणि म्हणाले, "नक्शा बराबर हाये." बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तुमची नौकरी नवी हाये."

तेव्हापासून दर सफाईला मिस्त्रींनीच आत उतरून मग्यानं गाळ उपसायचा, असं ठरलं. आतून आवाज घुमायचा, "ओव्हरसियर साहेब, अजून दोन बोटं!" सारी गिरणी हसायची. मीही. गावानं त्यांचं नाव चारबोटे पाडलं, आणि नव्या टाकीचं काम पुन्हा कुणी दिलं नाही. मुलीच्या लग्नपत्रिकेवर छापखान्यानं आडनावच चारबोटे छापलं. मिस्त्रींनी त्याच पत्रिका वाटल्या. "लोकायले वळख तं पटते."

मागच्या वर्षी ते गेले. त्यांच्या घरी भेटायला गेलो तेव्हा मुलीनं तांब्या दिला. मी घोटभर प्यायलो आणि उरलेलं फरशीवर ओतलं. पाणी सरळ मोरीत गेलं. मागे थेंब राहिला नाही. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी रिकामा तांब्या तिच्या हातात दिला आणि निघालो.

त्यांचं आडनाव इंगळे होतं. नळी बाजूनं लावायला मी सांगितलं होतं, हे त्या मुलीला आणि गिरणीत जाऊन सगळ्यांसमोर सांगणं माझ्याकडे बाकी आहे.