ब्रेकचा दिवा आणि घासलेली पिन

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माणिकराव अंगणात पोत्यावर बसून मोटारीच्या बल्बची एक पिन कानशीने घासत होते. ही कानस विळ्यांना धार लावण्याची. बल्ब बोटाएवढा, पिन गव्हाच्या दाण्याहून लहान. गाडीच्या मागच्या उजव्या दिव्यात बल्ब शिरत होता, पण फिरत नव्हता. एक पिन अडत होती. अडणारी गोष्ट घासायची, हा त्यांचा जुना नियम.

तेलुगू मुलखातल्या बाजारहत्नूर मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, या गावात माणिकराव कापूस आणि ज्वारी करतात. वय अठ्ठावन्न. त्यांच्या घरी आजवर मेकॅनिक आलेला नाही. पाण्याची मोटर, फवारणीचा पंप, शिलाई मशीन, सगळे त्यांनीच उघडले आणि बहुतेक वेळा परत बंदही केले. काढलेला कोणताही भाग ते फेकत नाहीत. तो एका पत्र्याच्या डब्यात जातो, आणि डबा पाहिल्याशिवाय या घरात नवीन काही विकत घेतले जात नाही. आजचा बल्बही डब्यातलाच, जुन्या ट्रॅक्टरच्या इंडिकेटरचा.

घाईचे कारण शनिवारचे होते. त्यांची सून तेजस्विनी निर्मलच्या एका दवाखान्यात नर्स आहे. मुलगा करण मंचेरियलला खाणीत असतो, म्हणून तिला रोज पहाटे इचोड्याच्या बसपर्यंत माणिकरावच सोडतात. शनिवारी उजाडल्यावर दिवे बंद केले आणि रस्त्यात म्हशी आल्या. त्यांनी ब्रेक दाबला. मागे फक्त डावा दिवा लागला. मागून येणाऱ्या टिप्परवाल्याला वाटले, गाडी डावीकडे वळते आहे. तो उजवीकडून घुसला आणि आरशाला वीतभर अंतर ठेवून निघून गेला. पुढे थांबून त्यानेच सांगितले, ‘‘चाचा, एक लाइट नहीं जल रही.’’

तेजस्विनी बसमध्ये चढताना एवढेच म्हणाली, ‘‘मामाजी, सोमवारपर्यंत लाइट लागला त ठीक. नाही त मी निर्मललाच खोली घेते. चंदाला बी घेऊन जाते.’’ चंदा म्हणजे चार वर्षांची नात. माणिकरावांनी हे बायकोला, जयवंताबाईंना, अजून सांगितलेले नव्हते.

पिन सपाट झाली. बल्ब आत बसला, फिरलाही. माणिकरावांनी कुऱ्हाडीचा दांडा सीट आणि ब्रेकच्या पेडलमध्ये अडकवला आणि मागे जाऊन पाहिले. उजवा दिवा लागला होता. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

‘‘अहो,’’ गाडीसमोर ज्वारी निवडत बसलेल्या जयवंताबाई ओरडल्या, ‘‘समोरचे दिवे काऊन लावले दिवसा?’’

‘‘कोन लावले?’’

‘‘मंग मी लावले का? हे पाहा, दोन्ही बारके लागले.’’

त्यांनी येऊन पाहिले. खरेच लागले होते. स्टिअरिंगमागचे आकडेही उजळले होते. दांडा काढला, सगळे विझले. दांडा लावला, सगळे लागले. दिव्यांचे बटन बंदच होते. त्यांनी ते दोनदा चालू करून बंद केले.

‘‘दाबून राह्यले मांगं अन् डोये उघडते समोर,’’ जयवंताबाई म्हणाल्या. ‘‘गाडी बी तुमच्यावानीच झाली. इचारा एक, सांगते दुसरं.’’

‘‘उंदरानं वायर खाल्ली असंन.’’

बॉनेट उघडले. वायर शाबूत होत्या. त्यांनी फ्यूज काढले, फुंकले, परत बसवले. काही फरक नाही. त्यांना आता आणखी एक आठवले आणि गोंधळ वाढला. जुना बल्ब पहाटेच्या अंधारात मागे लाल लागायचा, फक्त ब्रेकला लागत नव्हता. मग तो गेला होता की चांगला होता? आणि चांगला असेल तर आपण काढला काय म्हणून?

तेजस्विनी चहा घेऊन आली. तिने दांडा पाहिला, समोरचे दिवे पाहिले.

‘‘काढलेला कुठं हाय?’’

माणिकरावांनी डब्याकडे पाहिले. काढलेला बल्ब सवयीने डब्यात गेला होता. डबा पोत्यावर उपडा केला तर अकरा बल्ब निघाले. त्यातला एक काचेला आतून काळा पडलेला होता. तेजस्विनीने तो उचलला आणि उलटा केला.

‘‘याच्या बुडाला दोन ठिपके हायेत, मामाजी. तुमी लावला त्याच्या?’’

त्यांनी घासलेला बल्ब काढून उलटा केला. एकच ठिपका. जुन्याच्या पिनाही खालीवर होत्या; याच्या एका रेषेत होत्या, एक घासण्याआधी.

‘‘ठिपक्यानं समोरचे दिवे कसे लागतीन?’’

‘‘ते मले काय मालूम? दवाखान्यात सुईच्या बुडाचा रंग जुळला पाहिजे, एवढं पाहतो आमी.’’

उरलेल्या दहा बल्बांच्या बुडाला एकेकच ठिपका निघाला. माणिकरावांनी डबा बाजूला सारला, काळा पडलेला बल्ब खिशात घातला आणि मोटारसायकल काढली.

‘‘कुठं?’’ जयवंताबाईंनी विचारले.

‘‘इकत आनतो.’’

जयवंताबाईंच्या हातातले सूप थांबले. हा शब्द त्यांनी त्या तोंडून फारसा ऐकला नव्हता.

मंडलच्या दुकानदाराने बल्ब बघितला आणि तेलुगू-हिंदीत समजावले की आत दोन तारा असतात, एक रात्रीची, एक ब्रेकची, आणि एक गेली तरी दुसरी चालते. एका ठिपक्याचा लावला तर दोन्ही लाइनी एक होतात, ब्रेकची वीज रात्रीच्या लाइनीत शिरते. माणिकराव ‘‘अवुनु, अवुनु’’ म्हणत होकार देत राहिले. वाटेत त्यांनी ते मनात पुन्हा जुळवून पाहिले. समोरच्या दिव्यांपाशी येऊन त्यांचे गणित पुन्हा तुटले.

नवा बल्ब आधी उलटा बसवला, तो फिरला नाही. हात कानशीकडे गेला. तेजस्विनीने त्यांच्याकडे नुसते पाहिले. त्यांनी बल्ब अर्धा वळवला. तो आपसूक बसला.

दांडा लागला. ‘‘इकडं काहीच नाही,’’ समोरून जयवंताबाई. ‘‘लागला, दोन्हीकडं लागला,’’ मागून तेजस्विनी.

माणिकरावांनी तरी तीनदा दांडा काढून लावला. मग कुणाकडे न बघता विचारले, ‘‘मंग खोलीचं?’’

‘‘कायची खोली?’’ जयवंताबाई म्हणाल्या.

‘‘काही नाही, आत्या,’’ तेजस्विनी म्हणाली. ‘‘मामाजी, उद्या रोजच्यासारखी साडेपाचलाच काढा गाडी.’’

उद्या सोमवार. तिची ड्यूटी आठची आहे, आणि इचोड्याहून निर्मलची बस सहा वीसला सुटते.