पांढरं टाकान तं उठून बसीन

अर्जुनी मोरगावच्या बाजाररस्त्यावर भर उन्हात एक बाई दुसऱ्या बाईला मनगटाला धरून दुकानाबाहेर ओढते आहे, हे पाहून नवखा माणूस हमखास थबकायचा. त्याला भांडण वाटायचं. गावातली माणसं मात्र मान वळवूनही पाहायची नाहीत. देवकामावशी गिऱ्हाईक उजेडात आणते आहे, एवढंच ते असायचं. एका हातात गिऱ्हाइकाची साडी, दुसऱ्या हातात ब्लाउजपीस आणि तोंड सुरू. "आत ट्यूबलाइट हाय, ते खोटं बोलते. इथं पाह्य. आता डोळे बारीक कर. कोणता रंग पुढं येऊन राहिला?" बाई बिचारी रस्त्यात डोळे बारीक करून उभी. मागून एस.टी. हॉर्न देते आहे, आणि मावशी ड्रायव्हरलाच हाताने थांब म्हणते आहे.

तिचं दुकान म्हणजे मॅचिंग सेंटर. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर, एवढाच माल. त्याच दुकानाच्या ओसरीत माझं शिलाई मशीन. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा मशीन ठेवायला घरात जागा नव्हती. मावशी म्हणाली, "ओसरी रिकामीच हाय, बस." तेव्हा बसले ती अजून तिथेच आहे. तिनं मला फुकट जागा दिली आणि फुकट बोलणीही पुष्कळ दिली. माझी जीभ काही कमी नाही, पण तिच्यापुढे मी पाणी भरायचे.

साडीच्याच रंगाचं ब्लाउज मागणारी बाई दिसली की तिच्या कपाळावर आठी. "साडी मोरपंखी, ब्लाउज मोरपंखी, परकर मोरपंखी. का वं, तुले भिंतीवानी रंगवून घ्याचं हाय का?" मग ती ताटाचा हिशेब सांगायची. आम्ही भात खाणारी माणसं, आम्हाला तो लगेच कळायचा. "भात ताटभर, वरण वाटीभर, लोणचं चिमूटभर. साडी भात. ब्लाउज वरण. गळ्याची पायपिंग ते लोणचं. ताटभर लोणचं वाढशीन तं खाईन कोण?" मोबाईलवर फोटो दाखवून "सेम असंच पाहिजे" म्हणणाऱ्या पोरींना ती मोबाईल पर्समध्ये ठेवायला लावायची. बाई समोर उभी असताना फोटो कशाला पाहायचा, असं तिचं म्हणणं.

एवढे रंग विकणारी ही बाई विधवा होती. ते मात्र गिऱ्हाइकांना सांगावं लागायचं, कारण अंगावर कधी अंजिरी साडी नि हळदी ब्लाउज, कधी शेवाळी साडी नि त्यावर राणी रंगाची बारीक पायपिंग. दुकान मुळात नवऱ्याचं. तो तरणाताठा गेला. तेरवीला माहेरचं लुगडं नेसवतात, म्हणून भावानं रिवाजाप्रमाणे फिकी क्रीम रंगाची साडी आणली. मावशीनं ती मुकाट्यानं घेतली आणि आत गेली. सगळ्यांना वाटलं, रडायला गेली. ती बाहेर आली तेव्हा क्रीम साडीवर डाळिंबी ब्लाउज होतं. "क्रीम रंग वाईट नाई," ती सांगायची. "एकटा होता म्हून रडून राहिला होता. मी त्याले सोबत देली." जेवायला बसलेली पंगत घास हातात धरून बघत राहिली म्हणे. दुसऱ्या दिवसापासून ती दुकानात बसली.

घरात तिचे धाकटे दीर होते, आम्ही त्यांना काकाजी म्हणतो. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला घराबाहेर काढलं नाही, दुकान मागितलं नाही, बाजारातून भाजी आणून द्यायचे. फक्त तिच्या अंगावरचा रंग त्यांना सोसवायचा नाही. लोक विचारतात, म्हणायचे. रोज सकाळी दुकान उघडायला तेच यायचे, शटर वर करायचे, तिच्या साडीकडे एकदा पाहायचे आणि मान फिरवून बाकावर पेपर वाचत बसायचे. एकदा कोणाच्या तरी लग्नात ती शेंदरी काठाची साडी नेसून निघाली, तेव्हा मात्र माझ्या मशीनसमोरच त्यांचं फिसकटलं.

"वयनी, जित्तेपणी तुमी आपलंच चालवलं. मेल्यावर तं माझं चालंल का नाई? तुमच्यावरचं कापड मीच टाकीन."

"टाका ना भाऊजी. पांढरं टाकान तं उठून बसीन."

आमच्याकडे मयताला येणारी जवळची माणसं आपापलं कापड आणून अंगावर टाकतात. सवाष्ण असेल तर रंगीत लुगडं. विधवा असेल तर पांढरं, दुसरं काही नाही. काकाजी निघून गेले तशी मावशी माझ्याकडे वळली. हसत नव्हती. "आयकलं ना वं सुनंदा? मी काई उठून बसत नाई, ते मले बी मालूम हाय. तुझ्या हातात कात्री हाय. तू पाह्यजो." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं, असं तेव्हा वाटलं होतं.

माल आणायला ती पॅसेंजरनं गोंदियाला जायची, कधी मलाही न्यायची. तिथल्या ठोक दुकानदारानं एकदा तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहून राखाडी नि बिस्किटी ताग्यांची चळत पुढे केली. "माताजी, ये देखिए, आपके लायक है, एकदम सोबर." मावशी म्हणाली, "सोबर तुम पहनो भैया. मुझे वो ऊपरवाला रानी दिखाओ." तो इतका गडबडला की त्यानं राणी रंगाचे तीन तागे एकदम खाली पाडले.

दुकानात विधवा बाई आली आणि खालच्या आवाजात "फिक्कं काई दाखव" म्हणाली की मावशी सरळ खोटं बोलायची. "फिक्कं सरलं." मागे फळीवर फिक्क्याची चळत दिसत असायची. बाई तिकडे बोट दाखवायची. मग मावशी विचारायची, "तुले पाहिजे का तुझ्या सासूले पाहिजे?" बहुतेक जणी बोट खाली घ्यायच्या. काही डोळे पुसायच्या. काही रागावून उठून जायच्या आणि पुढच्या बाजाराला परत यायच्या. दवनीवाड्याहून लेकीकडे आलेली एक म्हातारी मात्र ताठ मानेनं म्हणाली होती, "मलेच पाहिजे, मले पांढरं आवडते." तिला मावशीनं सगळ्यात वरचं मऊसूत पांढरं काढून दिलं, उजेडात नेऊन तीन-तीन पांढरे एकमेकांशेजारी धरून दाखवले. ती गेल्यावर मी चिडवलं, तर म्हणाली, "हिची आवड हाय. आवडीले मी कायले आडवी जाऊ?"

पांढऱ्याशी तिचं वैर नव्हतंच. एका नवरीची शेंदरी साडी आली होती आणि तिला ब्लाउज राणीच पाहिजे होतं. हट्टच धरला. मी दोन्ही रंग शेजारी-शेजारी ठेवले आणि माझे डोळे दुखायला लागले. मावशीनं एकदा पाहिलं आणि फळीवरून पांढऱ्या कापडाची चिंधी काढली. "दोघी भांडून राहिल्या. कोणालेच हाकलू नको. मधात पांढरी पट्टी घाल, दोघी बी गप बसतीन." मी बाहीला आणि गळ्याला पांढरी पट्टी घातली. खरंच गप बसल्या. "पांढरा लगित कामाचा हाय वं," ती म्हणाली. "त्याले एकट्याले रांडमुंड बाईवर धाडतेत, ते वाईट."

मावशी गेली ती हिवाळ्यात, धान निघून शेतातल्या बांध्या रिकाम्या झाल्यावर. सकाळी शटर वर झालं नाही. मी मशीनवरचं कापड काढून बसले होते, काकाजी आले आणि म्हणाले, "वयनी गेली." रात्री झोपेतच गेली होती. मी उठले. आणि लाज वाटते सांगायला, पहिला विचार रडण्याचा आलाच नाही. मनात आलं, आता पांढरं.

अंगणात तिला ठेवलं तेव्हा काकाजी हातावर कोरं पांढरं कापड घेऊन उभे होते. मी घरून माझी मोरपंखी साडी आणली होती, तिनंच जुळवून दिलेली. मी पुढे झाले. ते म्हणाले, "सुनंदा, सरक. रीत हाय." मी म्हटलं, "काकाजी, रीत तुमची हाय, अंग तिचं हाय." आणि साडी मी टाकली. काकाजींनी ती उचलायला हात पुढे केला. एवढ्यात मागून कोणीतरी माझ्यावरून वाकून हळदी रंगाचं पातळ टाकलं. मग पोपटी. मग अंजिरी. फिक्कं मागायला आलेल्या, रागावून गेलेल्या, रस्त्यात डोळे बारीक करून उभ्या राहिलेल्या, सगळ्या रांगेनं आल्या होत्या. कोणी साडी, कोणी नुसतं ब्लाउजपीस. काकाजी हातावर पांढरं धरून तसेच उभे राहिले. एवढ्या बायांना सरक कोण म्हणणार?

पण हो, गोंधळ झाला. जिनं तिनं आपल्या मनाचा रंग आणलेला, आणि पायाशी कोणीतरी शेंदरीला लागून राणी टाकला. एक बाई रडता रडता थांबली. "हे नाई जमून राहिलं." दुसरी म्हणाली, "पोपटी वर घे, राणी खाली घे." तिसरी म्हणाली, "उजेडात नेऊन पाह्य ना." "उजेडातच हाय वं ती," कोणीतरी म्हणालं, आणि आम्ही सगळ्या हसलो, मग सगळ्या रडलो. वीस-पंचवीस बाया मयताभोवती डोळे बारीक करून उभ्या होत्या. मावशीला असं भांडणाऱ्या रंगांत पाठवायचं, तर मी वीस वर्षं ओसरीत बसून काय केलं?

मी काकाजींसमोर जाऊन हात पसरला. "ते पांढरं द्या."

त्यांना वाटलं, मी हरले. त्यांनी कापड माझ्या हातावर ठेवलं. मी कमरेला कायम खोचलेली कात्री काढली. माप घ्यायला दुसरं टोक धरायला कोणी पाहिजे होतं, आणि बायांचे हात गुंतलेले. "धरा," मी म्हटलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टोक धरलं. मी सरळ कापत गेले, चार बोटं रुंद लांब पट्टी, आणि ती शेंदरी नि राणीच्या मधोमध ठेवली.

काकाजी उरलेलं कापड हातात धरून एक पाऊल मागे सरकले. मी बघितलं तर त्यांचे डोळे बारीक झाले होते.

"जराशी उजवीकडे घे," ते म्हणाले. "राणी शेंदरीले दाबून राहिला."

मी पट्टी उजवीकडे घेतली.