कातळाला पाडलेला तडा

परवा चुलीच्या तापल्या दगडावर पाणी सांडलं, आणि त्या वासानं मला थेट त्या संध्याकाळी नेऊन सोडलं.

धारूरच्या कडेची आमची ऊसतोड कामगारांची वस्ती. वर वीतभर मुरूम, खाली नुसता काळा कातळ. नळाचे पाइप टाकणारा माणूस चढावर मधेच थांबला. "फुडं पाषाण हाय. वरच्या घरांना नळ न्हाई," म्हणाला. मी वरच्या ओळीतली नवी सून.

शेजारच्या रखमामावशींनी घरातलं सरपण आणून कातळावर रचलं. मग घराघरांतून फाटी आली, उसाचं वाळलं पाचट आलं. कातळ तापवायला दिवसभर जाळ केला.

उन्हं कलल्यावर मावशी म्हणाल्या, "आता वता समद्याजणी."

डोक्यावरून आणलेलं प्यायचं पाणीसुद्धा आम्ही ओतलं. वाफेत काही दिसेना. एकदम बार उडाल्यासारखा आवाज झाला. वाफ विरली, तेव्हा कातळ उभा चिरला होता.

"आन तुजा पाइप," मावशी बाजूला उभ्या त्या पाइपवाल्याला म्हणाल्या.

त्या संध्याकाळी घोटभर पाणी नव्हतं, तरी आम्ही हसत होतो.

त्याच कातळावर आज माझं पक्कं घर आहे, दारात नळ आहे. भिंतीला कुठं तडा नाही. तडा आहे तो दारातल्या कातळाला, आणि तो आम्ही पाडलाय.