सोलर अडलं ते एका नावापायी

मंडळी, टेंभुर्णीहून आत्ताच जालन्याला आलो आणि सायबर कॅफेत बसून हे लिहून राह्यलो. घरी जाववत न्हाई.

गावाकडं आमच्या शेजारच्या सखूकाकू एकट्याच राहतात, शिवणकामावर जगतात. लोडशेडिंगमुळं कंदिलाच्या उजेडात शिवून शिवून डोळ्यांतून पाणी गळतं त्यांच्या. छतावर सोलर पॅनल बसवायला सरकार निम्मे पैसे देतंय असं कळलं, म्हणून त्यांचा अर्ज मीच भरला.

आज ग्रामसेवकानं घराचा उतारा बघितला. "मावशी, घर तुमच्या मालकांच्या नावावर दिसतंय. मयताचं नाव कमी करून तुमचं लावा, मंग अर्ज घेतो."

मीच शहाणपणा केला, "काकू, नुसतं कागदावरचं तर नाव आहे."

"कागदावरच तर राह्यलेत रे ते," असं म्हणून त्यांनी अर्ज परत मागून घेतला.

पंचायतीतून घरी येताना दुकानातून त्यांनी कंदिलाची नवी काच घेतली. पिशवीत फुटू नये म्हणून ती त्याच अर्जात गुंडाळली.

ग्रामसेवकाचंही काही चुकलं न्हाई. पण पुढच्या रविवारी जाऊन काकूंना म्हणू का, दुसरा अर्ज भरू म्हणून? तुम्ही म्हणाला असता?