साडेतीनच्या आरशातलं यान

त्याला सगळे साडेतीन म्हणायचे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं, दुकानाच्या पाटीवर तिसरंच काहीतरी होतं, पण त्या दोन्ही नावांनी हाक मारली तर तो मान वर करेलच याची खात्री नव्हती. बायको त्याला अर्थातच साडेतीन म्हणायची नाही. ती म्हणायची, "जगात शहाणे साडेतीन असतात म्हणे. त्यातला अर्धा आमच्या पदरात पडलाय."

साडेतीन धंद्याने न्हावी आणि स्वभावाने परीक्षक. दुकानात टीव्ही दिवसभर चालू. मालिका असो की सिनेमा, पाहून झाला की तो निकाल द्यायचा. शाळेतल्या बाई मुलांच्या वह्यांत चिकटवतात ना, ते चकचकीत कागदी तारे, त्यांचं पाकीटच त्याने कंगव्यांच्या ताटलीत ठेवलेलं असे. मोठ्या आरशाच्या वरच्या कोपऱ्यात तारे चिकटायचे आणि त्याखाली चिठ्ठीवर दोन ओळींचा शेरा. गल्लीतली निम्मी घरं काय बघायचं आणि काय सोडून लवकर जेवायचं, ते त्या कोपऱ्यावरून ठरवत.

पाच तारे कुणाला कधी मिळाले नाहीत. चारही नाहीत. साडेतीन ही हद्द. एकदा एका विनोदी मालिकेला हा गडी इतका हसला, की खुर्चीतल्या माणसाने घाबरून स्वतःचा कान स्वतःच धरून ठेवला. तरी निकाल साडेतीनच! "अरे, अर्धा कशाला कापलास?" असं विचारल्यावर म्हणाला, "हसताना हात हलतो. जिच्यापायी गिऱ्हाइकाचा कान धोक्यात येतो, तिला पूर्ण तारा द्यायचा?" आणि अर्धा तारा कापायचा तोही असा, की सोनाराच्या काट्यावर घातला तरी दोन्ही अर्धे सारखे भरावेत.

आता दुकानाची एक गंमत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच घडलं. टीव्ही टांगलेला होता मागच्या भिंतीवर, बाकाच्या वर. खुर्चीत बसलेल्यांची त्याच्याकडे पाठ. बाकावर बसलेल्यांच्या तो डोक्यावर. न्हाव्याचे डोळे तर गिऱ्हाइकाच्या टाळूवर. म्हणजे दुकानातली यच्चयावत माणसं टीव्ही बघायची ती समोरच्या आरशात. सामना लागला की उजखुरे खेळाडू सगळे डावखुरे. बातम्यांची खालची पट्टी उलटी धावायची, कुणाला वाचता यायची नाही, त्यामुळे दुकानात राजकारणावरून भांडणं नाहीत. नवा माणूस पहिल्यांदा चक्रावायचा, मग सरावायचा. माणूस लग्नालाही सरावतो, आरशाचं काय घेऊन बसलात!

साडेतीनला एकच लेक. लहानपणी दुकानातच वाढली. खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून तिला तिच्यावर बसवलं, की ती आरशातल्या बापाकडे बघून म्हणायची, "बाबा, आतले बाबा भांग दुसऱ्या बाजूला पाडतात." बाप म्हणायचा, "आतल्या बाबांना अजून धंदा जमत नाही." दोघं हसायची. हात तिचा बापापेक्षा हलका. बापाने गृहीतच धरलं होतं, की दुसरी खुर्ची हिची.

पण लेक मोठी झाली आणि तिने ठरवलं की सिनेमा-मालिकांतल्या माणसांची केशभूषा शिकायची. गेली दूरच्या शहरात. जायच्या दिवशी साडेतीन वस्तऱ्याला धार लावत म्हणाला, "खोट्या माणसांचे केस विंचरायला चाललीस."

तीही त्याचीच मुलगी. पिशवी उचलत म्हणाली, "बघाल तेव्हा तारे द्या. बाप म्हणून देऊ नका. लोकांना देता तसे द्या."

त्यानंतर दर आठवड्याला फोन यायचा, बोलणं व्हायचं, पण कसं? पाऊस आहे का, गुडघा कसा आहे, जेवलात का. दोन माणसं एकमेकांना वाट देत दारातच उभी राहावीत, तसं.

आणि मग ती मालिका आली. अवकाशातली. एक भलंमोठं यान, आत झोपवून ठेवलेले हजारो प्रवासी, आणि त्यांना दूरच्या ताऱ्यापाशी नेणारा एक कप्तान. केशभूषेचं सगळं काम पहिल्यांदाच लेकीच्या एकटीच्या हातात. तिने आईला फोनवर सांगितलं, "बाबांना म्हणावं, बघा. तारे लावले की आरशाचा फोटो पाठव. बाकी कुणी काय म्हणतं त्याचं मला काही नाही. केसांतलं कळणारा माणूस मला एकच माहीत आहे."

हे बायकोने जसंच्या तसं सांगितलं. साडेतीनने ऐकलं न ऐकलंसं केलं आणि चहात साखर दुसऱ्यांदा घातली.

पहिले भाग दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी लागायचे. त्यामुळे ते दोघांनी घरी, नीट समोर बसून पाहिले. कप्तान पडद्यावर आला तसा साडेतीन पुढे सरकला. डावीकडे भांग, दोरीने आखावा तसा सरळ. मानेवरचे केस असे उतरवलेले, की शिरस्त्राण काढलं तरी विस्कटू नयेत. "हं," तो म्हणाला. बायकोला इतक्या वर्षांत त्या 'हं'ची किंमत कळलेली होती. तिने टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

मग वाहिनीने मालिकेची वेळ बदलली. आता ती लागायची कामाच्या संध्याकाळी, ऐन गर्दीत. बायको घरीच पाहत राहिली आणि साडेतीन उरलेले भाग दुकानात पाहू लागला. म्हणजे कुठे? आरशात.

गोष्टीत असं झालं, की घरी पाहिलेल्या शेवटच्या भागात कप्तान यानाच्या बाहेर काहीतरी दुरुस्त करायला गेला आणि दुकानात पाहिलेल्या पहिल्या भागात परत आला. त्यानंतर तो विचित्र वागू लागला. मित्रावर खेकसतो काय, यानाची दिशा गुपचूप बदलतो काय! बाकावरचे सगळे बुचकळ्यात पडले. "हा असा का करतोय हो?" एकाने विचारलं. साडेतीन कात्री थांबवून म्हणाला, "लिहिणाऱ्याला विचारा. माणूस बिघडला तर काहीतरी दिसायला नको? कपड्यात, चालण्यात, केसात? कशात काही नाही. तोच माणूस, तोच भांग."

दुसऱ्या संध्याकाळी त्याने दुकान बंद करण्याआधी पाकीट उघडलं. हात बराच वेळ तिथेच राहिला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे त्याला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. आज जमवलं, तर ज्या लेकीने 'लोकांना देता तसे द्या' म्हटलं होतं, तिलाच फसवल्यासारखं. त्याने दोन तारे लावले. खाली लिहिलं, 'कप्तान मधेच बिघडतो. कशावरून, ते दाखवलं नाही. केस बरे.'

बायको डबा घेऊन आली होती. तिने आरशाकडे पाहिलं.

"दोनच?"

"तिनेच सांगितलंय, खरं द्या."

"अहो, पण तुम्ही तो..." ती म्हणता म्हणता थांबली. केसांच्या बाबतीत या माणसाला काही सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. त्याने पाहिलं असणारच, आणि त्याला आवडलं नसणार, असं तिने धरलं. मुकाट्याने फोटो काढला आणि पाठवला.

लेकीचं उत्तर आलं नाही. त्या आठवड्याचा फोन आईच्या फोनवर आला. "बाबांना देऊ?" असं आईने विचारल्याचं साडेतीनने आतल्या खोलीतून ऐकलं. मग आई म्हणाली, "बरं, असू दे." त्या रात्री त्याने भाजीत मीठ नसल्याचंही बोलून दाखवलं नाही, यावरून काय ते समजा.

शेजारी चष्मेवाल्याचं दुकान. हा साडेतीनचा जुना दोस्त. टाळू कधीच ओसाड पडलेली, पण कानांसमोरचे कल्ले मात्र जपलेले, दाट. दर आठवड्याला तेवढेच कोरून घ्यायला यायचा आणि पूर्ण हजामतीइतकं बोलून जायचा. तो आला, खुर्चीत बसला आणि आरशाच्या कोपऱ्याकडे बघून त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"यानाला दोन?"

"दोन."

"आणि हे काय लिहिलंयस? कशावरून ते दाखवलं नाही?"

"नाहीच दाखवलं."

"अरे, ये माझ्याकडे, नंबर काढून देतो. फुकट! सगळं गाव त्या भांगाबद्दल बोलतंय. माझी नात शाळेत त्यावरून पैजा लावते. कप्तान बाहेर गेला डावीकडे भांग घेऊन आणि आत आला उजवीकडे घेऊन. म्हणजे आत आला तो कप्तान नाहीच, तोतया आहे!"

"काहीतरी बोलू नकोस. मी स्वतः पाहिलंय. भांग डावीकडेच आहे."

"कुठे पाहिलंस?"

साडेतीनने कंगवा समोर रोखला. आरशाकडे. कंगवा तसाच हवेत राहिला.

आरशातल्या साडेतीनच्या हातातही कंगवा होता. दुसऱ्या हातात.

बाकावर कुणीतरी 'अरेच्चा' म्हणालं. मग सगळ्यांच्याच डोक्यात एकेक करून उजेड पडला. घरी पाहिलेला खरा कप्तान सरळ होता. दुकानात पाहिलेला तोतया उलटा होता, आणि आरशाने त्याचा उजवीकडचा भांग इमानेइतबारे परत डावीकडे नेऊन ठेवला होता. ज्याची नजर रस्त्यावरून जाणाऱ्याचा भांग सुताने ढळलेला ओळखायची, त्याला नेमका भांगानेच चकवलं. चष्मेवाल्याला इतकं हसू आलं, की आता त्यालाच स्वतःचा कान धरावा लागला.

साडेतीन हसला नाही. फळीवर बसलेली एक चिमुरडी त्याला आठवली. आतले बाबा भांग दुसऱ्या बाजूला पाडतात. त्याने कंगवा ताटलीत ठेवला आणि म्हणाला, "ते भाग परत कधी लागतात?"

"आज दुपारी. का?"

दुपारी त्या दुकानात जे दृश्य होतं, ते बघायला पलीकडचा पानवालासुद्धा टपरी सोडून आला. साडेतीनने दोन्ही खुर्च्या गर्रकन फिरवून टीव्हीकडे तोंड करून ठेवल्या होत्या. बाकावरच्यांना उठवून भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं, शिक्षा झालेल्या वर्गासारखं.

खुर्चीतलं गिऱ्हाईक कुरकुरलं, "अहो, आरसा मागे गेला. माझ्या डोक्यावर काय चाललंय ते मला कसं दिसणार?"

"मला दिसतंय ना?"

"तुम्हाला दिसतं म्हणूनच तर भीती वाटते!"

कप्तान बाहेर गेला. आत आला. शिरस्त्राण काढलं. उजवीकडे भांग, तसाच सरळ, तितकाच साफ. कुणी एक शब्द बोललं नाही, संगीत वाजलं नाही, आणि तरी सगळं सांगून झालं होतं. साडेतीन म्हणाला, "हं." मग पुढचा भाग लागला तेव्हा टीव्हीच्या आणखी जवळ गेला, डोळे बारीक केले आणि पुन्हा म्हणाला, "हं," पण हा 'हं' वेगळा होता.

संध्याकाळी आरशावरचे दोन्ही तारे त्याने नखाने खरवडून काढले. नवे लावले. एक, दोन, तीन. चौथा लावला तेव्हा बाकावर कुजबुज झाली. पाचवा हातात घेतला तेव्हा चष्मेवाला उठून उभा राहिला. साडेतीनने कात्री घेतली, पाचवा तारा बरोबर मधोमध कापला, एक अर्धा आरशावर लावला आणि दुसरा ताटलीत ठेवला. खाली लिहिलं, 'गोष्ट भांगाने सांगितली. मला आरशाने फसवलं, मालिकेने नाही. तोतयाचा एक कल्ला पुढच्या भागात खाली उतरला आहे.'

"काय माणूस आहात हो!" बायको फोटो काढताना म्हणाली. "पोरीला पाच दिले असते तर हात झडले असते?"

"मग तिला ते खरे वाटले नसते."

पुढचा भाग लागायच्या संध्याकाळी, दुकान भरलेलं असताना फोन वाजला. या खेपेला त्याच्या खिशातला. खुर्चीत चष्मेवाला. खुर्च्या परत आरशाकडे फिरल्या होत्या, कारण गिऱ्हाइकांनी बंड केलं होतं.

"बाबा," लेक म्हणाली, "कुठला कल्ला?"

जेवलात का नाही, गुडघा नाही. थेट कल्ला. साडेतीनने कात्री खाली ठेवली.

"तोतयाचा. तो खिडकीपाशी उभा राहतो तिथपासून."

"आज तोच प्रसंग पुढे चाललाय. टीव्ही चालू असेल ना? बघून सांगा. डावा की उजवा?"

साडेतीनने आरशात पाहिलं. "डा..." तो म्हणाला आणि थबकला. पलीकडे लेक हसू दाबत होती, ते त्याला स्पष्ट ऐकू आलं. तो पूर्ण वळला, टीव्हीकडे तोंड केलं. "उजवा."

"उजवाच," ती म्हणाली. "त्या दिवशी फार घाई होती. कुणाच्याही लक्षात आलं नाही, बाबा. दिग्दर्शकाच्यासुद्धा. ते तर म्हणत होते, तोतयाच्या डोळ्यांचा रंग बदलू. मी म्हटलं, भांग बदला. माझ्या बाबांच्या दुकानातल्या आरशात असा एक माणूस आहे."

साडेतीनने कात्री परत उचलली. दुकानातले सगळे आपण ऐकत नाही असं दाखवत ऐकत होते.

"खोटी माणसं बरी विंचरतेस," तो म्हणाला.

मग ती म्हणाली, "आणि तो उरलेला अर्धा?"

"ताटलीत आहे. सुट्टीला येशील तेव्हा घे. फुकट नाही, कल्ले सारखे करून दाखवावे लागतील. माझ्यासमोर. चष्मेवाल्याच्या डोक्यावर."

"माझ्या डोक्यावर कशाला?" चष्मेवाला खुर्चीतून ओरडला. "केस उरलेत कुठे?"

"म्हणूनच," साडेतीन म्हणाला, "तुझ्याकडे कल्ल्यांशिवाय बघण्यासारखं दुसरं काही नाही."