चादरीबाहेरची ओळ

शाळेच्या सभागृहात पडदा म्हणून ताणलेली पांढरी चादर उंचीला थोडी अपुरी पडली. आमच्या तालुक्याच्या चित्रपट मेळाव्यात गावातल्याच एका मुलीने अहिराणीत केलेला सिनेमा चालू होता. संवादांचा अर्थ सांगणारी प्रमाण मराठीतली ओळ चादरीखाली, भिंतीच्या गडद निळ्या रंगात विरून जात होती.

प्रोजेक्टर मी सांभाळत होतो. शहरातून आलेले पाहुणे मला म्हणाले, "सर, काही कळत नाही. जरा वर घ्या ना."

मी प्रोजेक्टर उचलला. ओळ चादरीवर आली, पण पडद्यावरच्या सखूबाईंचं कपाळ वरून निसटलं. सिनेमात काम केलेल्या आमच्या गावच्या या सखूबाई पाहुण्यांच्या मागेच बसल्या होत्या आणि स्वतःला पहिल्यांदा पडद्यावर पाहत होत्या.

"भाऊ, मन्हं डोकं कापू नको!" त्या ओरडल्या. "पाव्हणास्ले समजनं नही ते आम्हले इचारतीन!"

सगळे हसले. मला मात्र दुसरंच हसू आठवलं. मी घरातला पहिला पदवीधर. शिक्षणाने मला उभं केलं, हे मी कधीच विसरणार नाही. पण कॉलेजात माझ्या अहिराणीला वर्ग हसला आणि तेव्हापासून प्रत्येक वाक्य मी मनात बदलून मगच बोलत आलो. समोरच्याला कळावं म्हणून किती वर्षं मीच माझं डोकं कापत होतो!

मी प्रोजेक्टर खाली केला. सखूबाईंचा चेहरा कपाळावरच्या कुंकवासकट परत आला. ओळ गेली, ती जाऊ दिली.

थोड्या वेळाने पाहुणे मागे वळून कुजबुजले, "मावशी, सिनेमात आत्ता तुम्ही काय म्हणालात?"

"थांबा," पडद्यावरची नजर न हलवता सखूबाई म्हणाल्या, "आधी देखू द्या."